मलप्रभेचं खोरं कशासारखं? उतार धरून केलेली तुलना

प्रश्न थोडक्यात असा. घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीकडं, मलप्रभा नदीच्या खोऱ्यात, नोकरी डेहराडूनला. मुलांना शाळेत 'आपलं खोरं आणि दुसरा प्रदेश' यांची तुलना करायला सांगितली आहे. आपला भाग कोकणासारखा म्हणावा तर समुद्र नाही, देशासारखा म्हणावा तर पाऊस उघडत नाही, कुर्गसारखा म्हणावा तर कॉफी नाही. मग तुलना कशाशी करायची, आणि कशी?

सुरुवात शब्दापासून करावी लागते, कारण निम्मा घोटाळा तिथंच होतो. मराठीत दरी वेगळी आणि खोरं वेगळं. दरी म्हणजे दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोल नदी. खोरं म्हणजे एका नदीला जिथून जिथून पाणी मिळतं तो सगळा मुलूख, मग तो सपाट का असेना. मलप्रभेला खोरं आहे, पण बहुतेक वाटेवर दरी नाही. खानापूरच्या पुलावर उभं राहून दोन बाजूंचे डोंगर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. डेहराडूनचं मात्र उलट आहे. तिथं मसुरीची भिंत आणि शिवालिकची भिंत डोळ्यांना दिसते. म्हणून 'आमची दरी आणि तुमची दरी' अशी मांडणी केली की आपली बाजू पहिल्याच ओळीत चुकते.

आपल्या खोऱ्याचं वैशिष्ट्य आडव्या छेदात दिसत नाही, ते पश्चिमेकडून पूर्वेकडं जाणाऱ्या उतारात आहे. कणकुंबीपासून सौंदत्तीपर्यंत सरळ रेषेत ९६ किलोमीटर भरतात. तेवढ्या अंतरात पाऊस, खडक, माती, पीक, घराचं छप्पर, जेवणातली भाकरी, सगळं बदलतं. एका ठिकाणची दुसऱ्या एका ठिकाणाशी तुलना करू नका, एका उताराची दुसऱ्या उताराशी करा. खालचं सगळं त्याच धोरणानं लिहिलं आहे.

आधी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे १५ ते १६ अक्षांश आणि ७४ ते ७५ रेखांश हा चौकोन ४८ आय या पत्रकात येतो. त्यात कणकुंबी ४८ आय/२ मध्ये, खानापूर ४८ आय/१० मध्ये. बेळगाव शहर बरोबर साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर बसलेलं असल्यानं आय/५ आणि आय/९ अशा दोन पत्रकांत चिरलं गेलं आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना ४७ एल लागेल. नव्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा क्रमांकावर न जाता अक्षांश-रेखांश पाहून पत्रक घ्या. १:५०,००० या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण २० मीटरनी येतात.

नदीची लांबी मोजायला ओला सुती दोरा वापरा. वळणावळणावर बसवत न्या, खूण करा, मग पट्टीवर सरळ करा. रस्त्याचे किलोमीटर नदीचे म्हणून धरू नका. चोर्ला रस्ता आणि मलप्रभा जांबोटीपर्यंत एकमेकांच्या आसपास असल्या तरी दोघांची वळणं वेगळी आहेत. मोबाइलवर उंची पाहणार असाल तर एक खोट लक्षात ठेवा: उपग्रहाच्या मोफत उंचीमापनात दाट जंगलात जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजले जातात. भीमगड-कणकुंबीच्या रानात त्यामुळं दहा-पंधरा मीटर सहज वाढतात, आणि पाणलोटाची रेषा, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती, भलत्याच टेकाडावरून जाते. तिथं समोच्च रेषाच खरी.

आता छेद काढा, आणि तो नीट काढा. आलेखाच्या कागदावर आडवं प्रमाण १ सेंटिमीटर = ६ किलोमीटर आणि उभं १ सेंटिमीटर = ६० मीटर घ्या. कणकुंबी सुमारे ७९० मीटरवर, म्हणजे १३ सेंटिमीटरच्या जरा वर. तिथून पणजीजवळचा समुद्र सरळ रेषेत ४८ किलोमीटर, म्हणजे डावीकडं ८ सेंटिमीटर, आणि तेवढ्यात रेषा शून्यावर. उजवीकडं सौंदत्तीपर्यंत १६ सेंटिमीटर. तिथल्या नवीलुतीर्थ धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी ६३३.८ मीटर, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. डावीकडं आठ सेंटिमीटरांत तेरा खाली आणि उजवीकडं सोळांत जेमतेम अडीच-पावणेतीन. एवढं चित्र काढलं की मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. मात्र खाली ठळक लिहा की उंची शंभर पटीनं ताणलेली आहे. न लिहिल्यास पाहणाऱ्याला सह्याद्री हिमालयाएवढा वाटतो, आणि डेहराडूनचा छेद निराळ्या प्रमाणात काढला की तुलनाच खोटी पडते. दोन्ही छेदांना तेच आडवं आणि तेच उभं प्रमाण. कागद पुरला नाही तर दुसरा चिकटवा, प्रमाण बदलू नका.

मलप्रभेचा उतार आकड्यांत पाहा. उगम ७९२ मीटरवर, कुडलसंगम इथं कृष्णेला मिळताना उंची सुमारे ४८८ मीटर, लांबी ३०० किलोमीटरच्या थोडी वर. सरासरी किलोमीटरला एक मीटर. पण ही सरासरी फसवी आहे. खानापूर गाव सुमारे ६५० मीटरवर आहे. म्हणजे एकूण ३०० मीटरच्या उतारापैकी जवळजवळ निम्मा पहिल्या टप्प्यातच, कणकुंबी ते खानापूर या सरळ ३१ किलोमीटरांत संपतो. उरलेला निम्मा दोन-अडीचशे किलोमीटरांत पसरलेला. म्हणून जांबोटी, हब्बनहट्टीकडं नदी खडकावरून खळाळते, असोग्याजवळ डोह धरते, आणि एम. के. हुबळीच्या महामार्गावरच्या पुलाखाली ती मैदानी नदी झालेली असते. सौंदत्तीचं धरण पूर्ण भरतं तेव्हा त्याच्या पाण्याची पातळी खानापूर गावापेक्षा अवघी सोळा-सतरा मीटर खाली असते, आणि मध्ये सरळ रेषेत साठेक किलोमीटर अंतर आहे.

दुसऱ्या बाजूचा उतार कळायला रेल्वे पाहा. कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे किलोमीटरला २७ मीटर. आणि हा मुद्दाम वळणं घेऊन, बोगदे पाडून सौम्य केलेला चढ. दूधसागर ३१० मीटर कोसळतो तो याच कड्यावरून.

पाणलोटाची रेषा हा आपल्या खोऱ्याचा सर्वांत मजेशीर भाग, आणि तुलनेत बहुतेक जण तोच सोडून देतात. घाटमाथा म्हटल्यावर उंच कणा असेल आणि त्याच्या दोन बाजूंना पाणी वाटलं जात असेल असं वाटतं. कणकुंबी भागात तसा कणाच नाही. पठारावरच, शेतांच्या आणि रानांच्या मधून, एखाद्या बुटक्या उंचवट्यानं पाणी विभागलं जातं. मलप्रभा पूर्वेला निघते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. तिथून थोड्याच अंतरावरचा कळसा नाला गोव्याकडं उतरणाऱ्या म्हादईला (मांडवीला) मिळतो आणि अरबी समुद्राला जातो. म्हादईचं खोरं एकूण २०३२ चौरस किलोमीटरचं, त्यातलं ३७५ चौरस किलोमीटर कर्नाटकात, म्हणजे मुख्यतः आपल्या खानापूर तालुक्यात. पश्चिमवाहिनी नदी असूनही ती आधी पठारावर पाणी गोळा करते आणि मगच कड्यावरून उतरते. यामागं कारण आहे. समुद्राकडचा उतार तीव्र, त्यामुळं पश्चिमेचे ओढे जोरानं मागं मागं खणत येतात आणि पूर्वेच्या नद्यांचं डोकं खातात. भूगोलात याला नदी-अपहरण म्हणतात. आपल्याकडं ते अजून चालूच आहे, फक्त माणसाच्या आयुष्यात दिसेल इतक्या वेगानं नाही.

कळसा आणि भांडुरा या म्हादईच्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक-गोव्यात वाद आहे. तो का शक्य झाला हेही यातच आहे. दोन खोऱ्यांमधला बांध इतका ठेंगणा नसता तर पाणी वळवण्याची कल्पनाच कुणी काढली नसती. जल लवादानं १४ ऑगस्ट २०१८ रोजी मलप्रभेत वळवण्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यात कळसा १.७२ आणि भांडुरा २.१८. बाजू कुणाचीही घ्या, पण तुलनेच्या तक्त्यात 'पाणलोट: ठेंगणा, पठारावरचा' ही नोंद हवीच.

आणि इथंच डेहराडून कामाला येतं. दून खोऱ्यातही पाणी दोन दिशांना वाटलं जातं: सौंग-सुसवा गंगेकडं, आसन यमुनेकडं. विभाजक शहराच्या जवळूनच जातो आणि बाजूच्या डोंगरांच्या मानानं अगदी किरकोळ आहे. मुलांना हे साम्य जरूर दाखवा. फरक एवढा की दूनचं दोन्हीकडं गेलेलं पाणी प्रयागराजला पुन्हा एकत्र येतं. कणकुंबीचं येत नाही.

डेहराडूनशी तुलना करताना आणखी एक सापळा आहे. तीन आकडे शेजारी मांडून पाहा. शहराची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, खानापूरचीही तेवढीच. वार्षिक पाऊस तिथं दोन हजार मिलिमीटरच्या जरा वर, खानापुरात दीड ते दोन हजारांच्या दरम्यान. बासमतीचं नाव तिथं, बासमतीचं नाव बेळगावलाही. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या वासाच्या तांदळाला. एवढ्यावर एखादा 'दोन्ही प्रदेश सारखेच' असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. पण हे आकडे जुळले तरी जमीन जुळत नाही.

दून हा दोन पर्वतरांगांमधला खोलगट भाग, आणि तो मसुरीच्या उतारावरून वाहून आलेल्या गोट्यांनी, वाळूनं भरला आहे. मसुरी सुमारे २००० मीटरवर, डेहराडूनपासून सरळ १५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला नव्वदेक मीटर उतार. मलप्रभेच्या पहिल्या टप्प्याच्या कितीतरी पट. त्या उतारावरून पावसात दगडधोंडे येतात, नदीचं पात्र रुंद आणि गोट्यांचं होतं, आणि पावसाळा सरला की पाणी त्या गोट्यांत मुरून पात्र कोरडं पडतं. पाणी खोल जातं. आपल्याकडं नदीला गोटे कमी, गाळ आणि चिकण जास्त, आणि पाणी मुरतं ते जांभ्याच्या थरात, दहा-पंधरा मीटरच्या आत. तिकडचा पर्वत अजून वर येतो आहे, भूकंपाचा धाक आहे. आपलं पठार कोट्यवधी वर्षं तसंच झिजत पडलं आहे. शिवाय थंडीत तिकडं पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचा पाऊस मिळतो, त्यावर गहू पिकतो. आपल्याकडं तो नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव आहे, आणि आपलं सगळं पेरणीचं गणित त्यावर आहे.

पावसाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चुका तिथंच जास्त होतात. बेळगाव शहराचा आकडा, सुमारे १३०० मिलिमीटर, सगळ्या भागाचा म्हणून देतात. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात चार हजारांच्या वर पडतो. खानापूर दीड-दोन हजारांत. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडं ५५० ते ६००. आता अंतरानं भागा. कणकुंबीपासून खानापूरपर्यंत ३१ किलोमीटरांत दोन हजारांहून जास्त उतरतो, म्हणजे किलोमीटरला सत्तरेक मिलिमीटर. बेळगाव ते सौंदत्ती ६६ किलोमीटरांत सातशे, म्हणजे किलोमीटरला दहा. पाऊस आधी झपाट्यानं आणि मग सावकाश घटतो. म्हणून 'सरासरी काढून मधला आकडा' ही पद्धत इथं लागू पडत नाही.

हीच मोजणी महाबळेश्वरला केली तर? महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, पंधरा किलोमीटरवरच्या पाचगणीला दोन हजारांच्या आत. किलोमीटरला अडीचशे मिलिमीटरच्या घरात. तिथला कडा उंच आणि सलग आहे, ढग तिथंच रिकामे होतात. आपल्याकडं सह्याद्री आठशे-नऊशे मीटरचा, मध्ये मध्ये तिळारी, म्हादईनं पोखरलेला, त्यामुळं पावसाला आत शिरायला वाट मिळते. कड्याची ठेंगणाई हे बेळगावच्या हिरवेपणाचं एक मोठं कारण आहे. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, पण भूगोलाच्या दृष्टीनं ते बरोबर उलट आहे. महाबळेश्वर कड्यावर आहे, बेळगाव कड्याच्या पाठीमागं.

पावसाचे आकडे घेताना निदान ३० वर्षांची सरासरी घ्या. कर्नाटकात आता ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, त्यांची माहिती फार उपयोगी, पण ती अलीकडची. एका ओल्या वर्षाचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या सरासरीशेजारी मांडला की तुलना बाद.

तापमानाचा एक जोडमुद्दा. शाळेत शिकवतात की हजार मीटर वर गेलं की साडेसहा अंश कमी. त्या हिशेबानं बेळगाव पणजीपेक्षा पाच अंशांनी थंड हवं. मेच्या दुपारी ते खरं ठरत नाही. बेळगाव उलट पणजीपेक्षा जास्त तापतं, कारण किनाऱ्याला समुद्र आवरून धरतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र फरक पाच अंशांहूनही जास्त होतो. तेव्हा तुलना कमाल आणि किमान वेगवेगळी करा.

आता कोकण. खानापूरच्या पश्चिम भागाला घाटावरचं कोकण म्हणण्याची पद्धत आहे, आणि जांभा पाहिला तर ते पटतंही. लाल माती, काजू, फणस, उतरत्या कौलांची घरं. पण तोच दगड दोन ठिकाणी वेगळा वागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा शंभर-दोनशे मीटर उंचीवर, मैलोन्मैल सपाट, उघडा कातळ. आपला जांभा साडेसातशे ते नऊशे मीटरवर, डोक्यावरच्या टोपीसारखा टेकड्यांच्या माथ्यांवर, आणि त्याखाली काळा बेसाल्ट. जांभा तयार होतो तो मूळ दगड पावसानं धुपून, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहून. म्हणूनच चंदगड-बेळगाव पट्ट्यात बॉक्साइट मिळतं आणि बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला.

जांभ्यातली विहीर पाहिली तर सगळा छेद एका नजरेत दिसतो. वर फूट-दोन फूट तांबडी माती. त्याखाली घट्ट, भोकाभोकांचा जांभा. तो बांधकामाशिवाय उभा राहतो, कडा ढासळत नाही. जसजसं खाली जावं तसतसा तो मऊ होतो, पहारीनं निघतो. आणि तळाला पांढुरकी-गुलाबी चिकण. पाणी थांबतं ते या चिकणीवर. जूनपासून विहीर तोंडापर्यंत भरते, मार्चमध्ये तळ दिसतो. तेव्हा लोक पाण्यासाठी आणखी खोल जातात आणि चिकणीत शिरतात. तिथं दोन गोष्टी बिघडतात. चिकण पाणी देत नाही, आणि ओली झाली की फुगून बाजूनं सुटते, मग वरचा जांभा कितीही पक्का असो, खालून पोकळी पडते. चिकणीत उतरायचंच असेल तर तेवढ्या भागाला कडी किंवा दगडी बांधकाम हवं. उतारावर हीच चिकण जिथं उघडी पडते तिथं झरा असतो. कोकणातही तसंच, पण तिथं झरा बहुधा सड्याच्या काठाखाली वाडीला लागून सापडतो, आपल्याकडं तो भाताच्या वरच्या खाचरापाशी. याच चिकण मातीवर खानापूरची कौलं आणि कुंभारकाम उभं राहिलं.

भाताची पद्धतही वेगळी. कोकणात तरवा टाकून, म्हणजे आधी रोपं तयार करून, लावणी हा नियम. बेळगाव-खानापूर पट्ट्यात धूळवाफ पेरणी जुनी आहे: वळवानं जमीन मऊ केली की मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला कोरड्यातच कुरीनं भात पेरतात, मग कोळपण, भांगलण. रोप लावण करणारेही आहेत, विशेषतः पाण्याच्या खाचरांत. पण धूळवाफ जमते ती पाऊस हळूहळू वाढत जातो म्हणून. कणकुंबीच्या वरच्या अंगाला किंवा कोकणात पहिल्याच आठवड्यात इतका पाऊस कोसळतो की पेरलेलं वाहून जातं किंवा कुजतं. उलट वळीव चुकला तर बेळगावकडं धूळवाफ उगवत नाही आणि दुबार पेरणीची पाळी येते. कोकणातल्या शेतकऱ्याला वळीव चुकण्याचं एवढं भय नसतं. ही तुलना मुलांना आकड्यांपेक्षा लवकर समजेल.

सखल भागाची गोष्ट निराळी. बेळगावच्या दक्षिण-पूर्वेला बळ्ळारी नाल्याच्या काठी, येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात, माती काळी आणि जमीन जवळजवळ सपाट. नाल्याला उतार नाही, त्यात गाळ आणि झुडपं, आणि वर शहर वाढल्यानं छपरांचं, रस्त्यांचं पाणी मुरायच्या ऐवजी एकदम येतं. पाणी शेतात शिरलं की उतरायला वेळ लागतो, आणि कोवळं भात आठवडाभर पूर्ण बुडालं की कुजतं. नाला खोल केला म्हणजे भागेल असं अनेकांना वाटतं. मला ते अर्धंच पटतं. पुढं जिथं पाणी जायचं तिथली पातळीच उंच असेल तर मध्येच खोल केलेल्या जागी फक्त डबकं साठतं. खोली तळापासून, म्हणजे मार्कंडेयाला मिळतो तिथून, वर वर करत आणावी लागते.

खडकाचा क्रम मलप्रभेच्या वाटेवर चालत पाहता येतो. उगमाकडं बेसाल्ट आणि जांभा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिण कड. पुढं खानापूरच्या आसपास लाव्हा संपतो आणि खालचे कितीतरी जुने, धारवाडी थरांचे खडक वर येतात. मग सौंदत्तीला कलादगी गटाचा कठीण वालुकाश्म आडवा येतो. नदीनं तो कापून अरुंद खिंड केली, आणि खिंडीत धरण बांधलं. त्याच जातीचा तांबूस दगड पुढं पट्टदकल-ऐहोळेच्या देवळांना लागला. घटप्रभेनंही गोकाकला अशाच कठीण थरावरून सुमारे ५२ मीटर उडी घेतली आहे. पंचगंगेच्या किंवा कोयनेच्या खोऱ्यात असं काही नाही, तिथं उगमापासून पुढं सगळा बेसाल्टच. कोल्हापूरशी तुलना करणारे हा फरक हमखास विसरतात. आपल्या नद्या खडक बदलतात, त्यांच्या नाहीत.

चिकोडी, अथणी, रायबागकडच्यांनी मलप्रभेचा नमुना तसाच उचलू नये. तिथं कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा. आभाळ कोरडं आणि नदीला पूर, असं तिथं होतं, कारण पाऊस पडलेला असतो महाबळेश्वर, कोयना, राधानगरीला. कल्लोळ-येडूरचा पूल पाण्याखाली जाईल की नाही हे गावचा पाऊस पाहून कळत नाही, राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटलं यावरून कळतं. २००५ आणि २०१९ चे पूर त्याच जातीचे. मलप्रभेचा पूर मात्र बहुतांश खानापूर तालुक्यातल्याच पावसाचा.

कुर्गबद्दल थोडक्यात. तळकावेरी १२७६ मीटरवर, म्हणजे कणकुंबीपेक्षा जवळजवळ पाचशे मीटर उंच. नदी घाटमाथ्यावर उगवून पूर्वेला जाते, एवढं साम्य पक्कं. पण खडक प्राचीन नाइस, डोंगर गोल माथ्याचे, माती खोल. मार्च-एप्रिलमध्ये तिथं कॉफीला फुलोऱ्याचा पाऊस मिळतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊसही आपल्यापेक्षा चांगला. जांभ्याच्या पातळ मातीवर आणि कोरड्या मार्चमध्ये कॉफी का रुजत नाही याचं उत्तर एवढ्यात आहे.

एका वाक्यातच साम्य सांगायचं झालं तर मी भुदरगड, आजरा, चंदगड आणि दक्षिणेला शिरसी यांची नावं घेईन. हिरण्यकेशी आंबोलीला उगवून आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते, ताम्रपर्णी चंदगडातून. त्या दोन्ही घटप्रभेच्या, आणि त्यांची चाल मलप्रभेसारखीच. राज्याची सीमा मध्ये आली म्हणून तक्त्यात सीमा आखू नका. नदीचं डोकं कोल्हापूर जिल्ह्यात आणि धड बेळगाव जिल्ह्यात, असं इथं सर्रास आहे. उलट एकाच बेळगाव जिल्ह्यात राज्याच्या दहा कृषी-हवामान विभागांपैकी तीन आहेत: खानापूर डोंगरी विभागात, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, बैलहोंगल उत्तर संक्रमण विभागात, आणि अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग उत्तर कोरड्या विभागात. तक्त्याला हेच तीन रकाने पुरेत. ढोबळ खूण हवी असेल तर पुणे-बंगळूर महामार्ग घ्या. त्याच्या पश्चिमेला भात आणि रताळी वाढत जातात, पूर्वेला जोंधळा आणि कापूस.

सुट्टीत गावी आलात की एका दिवसात मुलांकडून तीन ठिकाणची माती तपासून घ्या: जांबोटी, खानापूर-बैलहोंगलच्या मधलं एखादं गाव, आणि सौंदत्ती. मूठभर माती ओली करून मळायची, आणि अंगठा व बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढायची. जांबोटीची पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटते. मधल्या गावच्या मसारीची, म्हणजे मध्यम प्रतीच्या मातीची, त्याहून लांब येते. सौंदत्तीच्या काळीची पाच सेंटिमीटरच्या पुढं जाते आणि बोटं काळी करते. मग ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, एकदा पाणी भरून पूर्ण जिरू द्या, दुसऱ्यांदा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा. पहिलं भरणं मोजायचं नाही, ते फक्त माती भिजवायला. हा प्रयोग एप्रिलमध्ये करू नका. तेव्हा काळ्या रानाला बोटभर भेगा असतात, पाणी त्या भेगांतून खाली जातं, आणि जांबोटीच्या तांबडीपेक्षा सौंदत्तीची काळीच जास्त पाणी मुरवते असा उलटा निकाल हाती येतो. दिवाळीच्या सुट्टीत या. ओल असते, भेगा मिटलेल्या असतात, आणि खड्ड्यातलं पाणी काळीत तासभर जवळजवळ तसंच उभं राहतं.